बोडक्या सांगाड्याचे 70 टक्के

माझं डोकं फिरलंय. आज हे कुणाला सांगितलं नाही तर झोप लागायची नाही.

इंदूरला बिचोली मर्दानाकडे 20 बाय 50 चा आमचा प्लॉट. खाली-वर मिळून 1,600 फुटांचं घर, मटेरियलसकट 1,700 रुपये फूट, म्हणजे 27,20,000. भूमिपूजन दसऱ्याला झालं. आता जून लागलाय आणि उभं काय आहे, तर दोन छतं, अर्ध्यामुर्ध्या भिंती आणि वर गंजत उभा असलेला सरिया, म्हणजे लोखंडी सळ्या. ठेकेदाराकडे गेलेत 19,04,000.

हे पैसे त्याने दरोडा घालून नेले नाहीत. करारावर माझीच सही आहे. काम सुरू करायला 10 टक्के, प्लिंथला (जोत्याला) 15, पहिल्या छताला 25, दुसऱ्याला 20, प्लास्टरला 15, फरशीला 10 आणि किल्ली हातात देताना 5. तिघा ठेकेदारांना विचारलं होतं, तिघांचं थोड्याफार फरकाने हेच. "सब जगह यही चलता है भिया." चलता है! दुसरं छत भरलं की 70 टक्के पैसे गेले, आणि मागे उरलं काय? वायरिंग, नळ, प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, रंग. सगळं किचकट, एकेका कारागिराच्या मागे लागून करून घ्यायचं काम. ते तो उरलेल्या 30 टक्क्यांत कशाला करेल? त्याची कमाई सांगाड्यातच निघाली. शेवटचे 5 टक्के म्हणजे 1,36,000, तेवढ्यावर पाणी सोडायला तो एका पायावर तयार आहे. आज त्याची माणसं निपानियात दुसऱ्या कुणाचा तरी पाया खणतायत. त्या बिचाऱ्यानेही 10 टक्के मोजले असणार.

आणि "छताला 25" म्हणजे नक्की कधी? कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. कर्ज देणारी बँक म्हणते छत भरल्यावर. त्यांचा इंजिनिअर येणार, चार फोटो काढणार, मग आठ-दहा दिवसांनी हप्ता सुटणार. ठेकेदार म्हणतो छत भरायच्या आधी, नाहीतर सरिया उचलणार कसा? या दोघांच्या मधली फट कुणी भरायची? बाबांनी भरली. त्यांची एफडी मोडली, मुदतीच्या चार महिने आधी. दर महिन्याला सुदामा नगरच्या घराचं 12,000 भाडं आणि वर बँकेचं 10,600 व्याज, ज्यातून मुद्दल एका रुपयाने कमी होत नाही. काम थांबलं तरी हे दोन्ही थांबत नाही. ठेकेदाराला उशिराचा दंड किती? शून्य. कारण मी लिहून घेतला नाही.

फेब्रुवारीत पहिल्या छताचे 6,80,000 दिले. पुढे भगोरिया आला आणि झाबुआ-अलीराजपूरची मजूर मंडळी गावी निघाली. जावंच त्यांनी, वर्षाचा सण आहे, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण निघायच्या दिवशी त्यातली एक बाई, कडेवर पोर, हातात पत्र्याची पेटी, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "साब, दो हफ्ते का पैसा नहीं मिला." माझ्या तोंडून शब्द फुटेना. पैसे देऊन मला नऊ दिवस झाले होते! मग ते गेले कुठे? माझ्या सिमेंटला नाहीत, हिच्या मजुरीलाही नाहीत. खिशातले 2,000 काढून तिला दिले. ठेकेदाराला फोन केला तर म्हणतो, "आप लेबर से बात मत करो, आदत बिगड़ जाती है." त्या वाक्याची आग अजून डोक्यातून गेलेली नाही.

दुसरं छत मे महिन्यात भरलं. 42 डिग्रीचं ऊन, बोअर आटलेला, टँकर माझ्या खर्चाने. तराई करायला, म्हणजे काँक्रीटला पाणी पाजायला, माणूस त्याने द्यायचा होता, दिला नाही. बाबा, वय वर्षं 71, सकाळ-संध्याकाळ शिडी चढून छतावर आळी भरत होते. नवव्या दिवशी गेले तर खाली त्याची पोरं तुळयांखालच्या बल्ल्या, म्हणजे टेकू, काढत होती. निपानियाला हव्या होत्या म्हणे! सहा मीटरपर्यंतच्या तुळयांखालचे टेकू किमान 14 दिवस ठेवावेत, हे काँक्रीटच्या कामाच्या भारतीय मानक 456 मध्ये छापलेलं आहे. बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त, त्यांना ते पाठ आहे. ते तिथेच बल्लीला हात लावून उभे राहिले, म्हणून उरलेल्या तरी वाचल्या. जिथे काढल्या त्या तुळईच्या पोटात आज वीतभर जागेत नुसती गिट्टी दिसते, बोट घातलं तर आतला सरिया लागतो. ठेकेदाराचं उत्तर, "प्लास्टर में दब जाएगा." माझी मुलं झोपणार आहेत त्या तुळईखाली!

फ्लॅट घेतला असता तर निदान 2016 चा रेरा कायदा होता. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही, आणि लोकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर लावावे लागतात. एकाचे पैसे दुसऱ्याच्या घराच्या पायात जाऊ नयेत म्हणूनच तो नियम केला ना? मग स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधणाऱ्याने काय पाप केलंय? आम्हाला ग्राहक आयोग आहे म्हणतात. आहेच. पण तिथे दाखवायला माझ्याकडे पक्कं बिल एकही नाही, कारण बिल मागितलं की "18 टक्के जीएसटी अलग से". दोन हप्ते तर रोख गेलेत, पावती म्हणजे त्याच्या डायरीच्या पानावरचा आकडा आणि एक फराटा.

परवा त्याचा फोन. आठ दिवस माझा एक फोन उचलला नाही आणि आता, "भिया, प्लास्टर वाला डाल दो, तो सोमवार से चालू करते हैं." 4,08,000 हवेत, तेही आधी. मी सांगितलं, आधी ती तुळई बाबांच्या देखत नीट कर, प्लास्टरचा माल प्लॉटवर उतरव, खालचा मजला पूर्ण कर, मग निम्मे मिळतील. आवाज चढला माझा, चढणारच. त्याने फोन ठेवून दिला.

आज संध्याकाळी प्लॉटवर गेलो. त्याचा मिक्सर जागेवर नाही. सेंट्रिंगच्या प्लेटा, घमेली, पाण्याचा ड्रमसुद्धा उचलून नेलाय. उरल्यात त्या फक्त बाबांनी अडवलेल्या बल्ल्या.