ड्रमवाल्यालाही टाळ्या द्या की
नॉर्डिक कॉन्चेर्टोंवरचा (म्हणजे एक सोलो वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचनांवरचा) तुमचा लेख मस्त, पण नॉर्वेच्या ग्रीगच्या पियानो कॉन्चेर्टोवर एवढं भरभरून लिहिलंत आणि डेन्मार्कच्या नील्सनच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोला जेमतेम दोन ओळी, हे काही पटलं नाही बुवा. ग्रीग सुंदरच आहे, टिंपनीचा (नगाऱ्यासारख्या मोठ्या ड्रमचा) रोल आणि मग धाडकन कोसळणारा पियानो, पण ते आता सगळ्यांना पाठ झालंय. नील्सनने १९२८ मध्ये ऑर्केस्ट्रा मुद्दाम छोटा ठेवला, स्ट्रिंग्ज, दोन बासून (खर्जातलं फुंकवाद्य), दोन हॉर्न आणि एक स्नेअर ड्रम (तडतडणारा छोटा ड्रम), बस्स, आणि तो ड्रम सोलोइस्टला नुसता डिवचत राहतो, क्लॅरिनेट जरा कुठे निवांत झालं की हा मागून तडतडलाच म्हणून समजा, सरळसरळ भांडण चालू असतं दोघांचं. शेवटी वाकून नमस्कार करायला ड्रमवाल्यालाही पुढे बोलवायला पाहिजे खरं तर. आणि हो, फिनलंडच्या सिबेलियसचा व्हायोलिन कॉन्चेर्टो आपण ऐकतो तो १९०५ चा सुधारलेला, १९०४ ला हेलसिंकीत वाजलेला वेगळा होता, तेवढं लेखात टाका.