खुलासा : एका इंजेक्शनने झिजलेली कूर्चा पुन्हा तयार होत नाही

‘स्टेम सेलचं एक इंजेक्शन घ्या, गुडघ्याची झिजलेली कूर्चा पुन्हा तयार होते, सांधा बदलावा लागत नाही,’ असा मेसेज फिरतो आहे. (कूर्चा म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण; स्टेम सेल म्हणजे इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी.) मीही तो पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे. माझ्याकडून तो मिळालेल्या सगळ्यांची मनापासून माफी मागतो.

त्यात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. पेशींनी कूर्चा भरून काढण्याची पद्धत खरी आहे. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णाच्याच सांध्यातून कूर्चेचा लहानसा तुकडा काढतात, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवतात आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत इजेच्या जागी बसवतात. पुढे कित्येक महिने व्यायाम. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१६ मध्ये मान्यता दिलेलं ‘मासी’ हे उत्पादन याच प्रकारचं आहे. पण ते गुडघ्यातल्या ठरावीक जागेच्या इजेसाठी. वयोमानाने सांधाभर झीज झालेल्यांसाठी नाही, आणि मेसेज नेमका त्यांच्याचकडे जातो आहे.

सांधेझिजेसाठी स्टेम सेलच्या इंजेक्शनांना एफडीएची मान्यता नाही. काहींचं दुखणं कमी होतं, पण तेवढ्यावरून कूर्चा वाढली असं म्हणता येत नाही.

कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका. जिथे पाठवला असेल, तिथे हा खुलासाही टाका. कुणी इंजेक्शनसाठी पैसे भरायच्या तयारीत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना विचारायला सांगा : इजा एका जागी आहे की सांधाभर?