कादंबरी खोटी असते म्हणे!

‘यशस्वी माणसं कथा-कादंबऱ्या वाचत नाहीत’ असा एक पाच कलमी मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. मी दुर्लक्ष केलं होतं. पण तो आमच्या ताईपर्यंत पोचला आणि तिने नववीतल्या लेकीची गोष्टी लिहायची वही उचलून माळ्यावर टाकली. ‘आधी सायन्सचं बघ.’ म्हणजे आता बोलणं भाग आहे.

कलम पहिलं: ‘कादंबरी खोटी असते, खोट्यातून ज्ञान कसलं?’ डोकं फिरतं ते इथे. यमू नावाची ती मुलगी कधीच नव्हती, कबूल. हरी नारायण आपट्यांनी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात तिची गोष्ट हप्त्याहप्त्याने छापली, कादंबरीचं नाव ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्याच सुमाराला संमतिवयाचं बिल गाजत होतं. शरीरसंबंधासाठी, अगदी लग्नातही, मुलीचं किमान वय १० वरून १२ करायचं की नाही यावरून पुण्यात रान पेटलेलं. १८९१ ला कायदा झाला. सभा, अग्रलेख, शास्त्राधार, सगळं खरंखुरं, आणि तावातावाने बोलणारे बहुतेक पुरुष. यमू मात्र स्वतः बोलते. माहेर, सासर, नवऱ्याने लावलेली वाचनाची गोडी, मुंबईतला जरासा मोकळा संसार, नवरा गेल्यावर बळजबरीने केलेलं केशवपन. आणि हे ‘मी, मी’ म्हणत लिहिणारा कोण, तर पंचविशी उलटलेला एक पुरुष! जनगणनेत विधवांचा रकाना तेव्हाही होता. तो वाचून कुणाची झोप उडाली?

(आमच्या बाजूचे काहीजण ‘सायन्स’ नावाच्या संशोधन-नियतकालिकातला २०१३ चा अभ्यास नाचवतात, की साहित्य वाचल्याने दुसऱ्याचं मन जास्त कळतं. पुढे इतरांनी तोच प्रयोग केला तेव्हा तसं काही दिसलं नाही. तेव्हा तो दाखला नकोच.)

कलम दुसरं: ‘लिहिणाऱ्याला काय मिळतं?’ पैसे मिळत नाहीत, हे खरं आहे बाबांनो. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपली तरी त्यावर घर चालत नाही. पण १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हे कथांचं पुस्तक आलं, लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, बिनलग्नाच्या मुलींचा कोंडमारा, तोही उघड. लोक खवळले, ही बाई कोण म्हणून शोध सुरू झाला. स्वतःच्या नावाने जे चारचौघांत बोलता आलं नसतं, ते मालतीबाई बेडेकरांना हे टोपणनाव घेऊन कथेत बोलता आलं. हे काहीच नाही?

तिसरं, मुलं स्वप्नाळू होतात. होऊ देत. चौथं, मोठी माणसं फक्त चरित्रं वाचतात. कोणती माणसं? नाव नाही, गाव नाही.

पाचवं: ‘हवं तर सारांश वाचा, वेळ वाचतो.’ घ्या सारांश: यमूचं लग्न होतं, नवरा मरतो, केशवपन होतं. वाचला वेळ. तेवढं तर जनगणनेवालेही सांगत होते.