खंडेनवमीचा बळी

"मामा, तो आवाज काढून दाखव ना," असं भाचा म्हणाला आणि तिथंच घात झाला.

आवाज म्हणजे माझ्या आजोबांच्या घडीच्या चाकूचा. पातं नखानं उचलायचं, अर्ध्यावर आणायचं, की पुढं ते आपणहून ‘खट्ट’ करून ताठ उभं राहायचं. आमच्या घराण्यात दागिने नाहीत, जमीन वादात आहे, तेव्हा पाहुण्यांना हा ‘खट्ट’ ऐकवायची पद्धत. त्या दिवशी मी डाव्या हातात कैरी धरली, उजव्या हातानं चाकू उघडला, आणि ‘खट्ट’च्या जागी ‘टिंग’ झालं. पात्यानं मान टाकली. चाकू उभा धरला की पातं मिटायचं, उलटा केला की उघडायचं. भाच्याला हे जास्त आवडलं.

घडीच्या चाकूत मिरवतं पातं, राबते पाठीतली कमान. कमान म्हणजे पोलादाची एक बारीक पट्टी. मुठीच्या पाठीत रिव्हेटांनी जखडलेली, पण तिचं एक टोक मोकळं, आणि ते टोक पात्याच्या बुडाला सतत दाबून धरतं. चाकू पुरता उघडा असला तर कमानीला फारसा त्रास नसतो, पुरता मिटला तरी नसतो. जीव जातो तो मधल्या प्रवासात, बुडाचा कोपरा तिला वर उचलतो तेव्हा. (पुण्याहून गावी जाताना घाटात माझंही नेमकं हेच होतं.)

हा चाकू शेफील्डचा. असले खिशातले चाकू इंग्रज पिसाची लेखणी तासायला वापरायचे. आजोबांनीही त्यानं आयुष्यभर कलमंच केली, पण आंब्याची. भेटकलम बांधायचं म्हणजे कुंडीतलं रोप हापूसच्या फांदीशी न्यायचं, दोघांची साल एकाच मापानं तासायची, आणि जखमेला जखम लावून बांधून टाकायचं. काप एका हातात सरळ यायला हवा, नाहीतर दोघं जन्मभर एकमेकांना धरत नाहीत. आमची आत्या लग्नं जमवायची, तिचंही तंत्र साधारण असंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी चाकूला रबरबँड लावला, कारण तो आता खिशात आपला आपण उघडत होता. मानेला पट्टा लावलेल्या पेशंटसारखा तो दिसू लागला. त्याला घेऊन दुरुस्तीला निघालो.

सायकलवर बसून धार लावणारा म्हणाला, "धार लावून देतो." मी म्हटलं, धार आहे, कमान नाही. तो म्हणाला, "मग धार लावून देतो." घड्याळजींकडे स्प्रिंगा भरपूर होत्या, पण केसाएवढ्या. किल्लीवाल्यानं विचारलं, "याची किल्ली हरवलीय का?" बोहरी आळीतल्या एका दुकानदारानं चाकू हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, पातं चारदा झुलवलं, शेजारच्या नोकराला बोलावून त्यालाही झुलवायला दिलं, आणि परत देत म्हणाला, "मोडलाय." शेजारच्या काकांनी "रामपुरी घेऊन कुठं फिरताय?" म्हणून हटकलं. परवान्याची अट नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला असते आणि हे पातं तीन इंचांचं, हे मी त्यांना पट्टीनं मोजून दाखवलं. तेव्हापासून जिन्यात ते मला पुढं जाऊ देतात.

भाच्यानं अपराधी भावनेनं अभ्यास केला होता. "मामा, स्विस आर्मीवाला चाकू घे. तिथल्या एल्सनर नावाच्या कारागिरानं १८९७ साली एकाच कमानीवर दोन्ही बाजूंची हत्यारं बसवली." म्हणजे एका पगारावर दोन संसार, ती मोडली तर किती जण रस्त्यावर? मग तो ओपिनेलवर आला. फ्रान्समधल्या साव्वा प्रांतातला चाकू, १८९०चा, त्यात पाठीला कमानच नाही, लाकडी मुठीत पातं नुसतं घट्ट बसतं. हे पटलं होतं. पण लाकूड दमटपणानं फुगलं की पातं अडकून बसतं, असंही त्यानंच वाचलं होतं. म्हणजे कोकणात तो चाकू मे महिन्यात मिटायचा आणि दिवाळीत उघडायचा.

शेवटी कमान स्वतःच करायची ठरवली. माळ्यावर जुनी हातकरवत होती. तिची एक पट्टी कापून घासली. पुस्तकी ज्ञान पक्कं होतं: पोलादाला पाणी द्यायचं तर ते लाल करा, तेलात बुडवा, मग पुन्हा हलकं तापवत रंग बघा. आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा. पात्याला पिवळ्यावर थांबायचं, कमानीला निळ्यावर. गॅस मोठा केला, पट्टी सांडशीत धरली, लाल झाल्यावर शेंगदाण्याच्या तेलात सोडली.

"अहो, फोडणी कसली देताय?" आतून आवाज आला.

"कमानीला."

बाहेर येऊन तिनं धूर पाहिला, तेल पाहिलं, आणि खिडकी उघडून निघून गेली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली की माणूस खिडकीवर भागवतो. पुढं रंग छान येत होते. पिवळा आला, जांभळा आला, आणि निळा येणार एवढ्यात फोनवर कर्ज हवंय का म्हणून विचारणा झाली. "नको" म्हणेपर्यंत पट्टी राखाडी झाली. गार झाल्यावर वाकवली, तर वाकली आणि वाकलेलीच राहिली.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा लोहाराकडे सगळं घेऊन गेलो: चाकू, पट्टी, उरलेली करवत. ट्रकच्या पाट्याचे कोयते करणारा माणूस. त्यानं पट्टी बघितली. "करवतीचं पोलाद मुळात कमानीच्याच पाण्याचं असतं. कापायचं, गार ठेवून घासायचं, बसवायचं. तुम्ही ह्याचं पाणी उतरवलंत कशाला?" मी तेलाचा खर्च सांगितला नाही.

मग त्यानं रिव्हेटांची डोकी घासली, बारीक खिळ्यानं ते ठोकून बाहेर काढले आणि मूठ उघडली. आम्ही दोघं गप्प.

आत पिवळा-तांबडा लगदा वाळून दगड झाला होता. त्याखाली गंज. कमान मधल्या रिव्हेटच्या भोकापाशी तुटली होती, गंजानं तिथं आधीच खळगा पाडला होता. बुडाशी एक अख्खी अक्षता.

"ह्यात हळदकुंकू कुणी भरलं?"

आजोबा गेल्यापासून एकोणीस वर्षं, दर खंडेनवमीला, मी. न उघडता, सांध्यावर, फुलानं पाणी शिंपडून, मनोभावे. आजोबाही लावायचे, मुठीवर एक बोट. संध्याकाळी पुसून खोबरेल तेलाचा एक थेंब सांध्यात सोडायचे आणि बागेत जायचे. तो अर्धा विधी मी गाळला होता.

लोहारानं अक्षता माझ्या तळहातावर ठेवली. करवतीच्या उरलेल्या तुकड्यातून दीड तासात कमान केली. आवाज आता ‘खट्ट’ नाही, ‘खट’ आहे. रोज कैरीवर चालवतो, पातं काळंनिळं पडलंय.

यंदाच्या खंडेनवमीला पाटावर पक्कड, स्क्रूड्रायव्हर, विळी आणि भाच्याचा लॅपटॉप होता. हिनं तबक आणलं. "चाकू कुठाय?"

"खिशात."

"काढा."

"नाही."

तिनं क्षणभर विचार केला, बोट बुडवलं, आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशालाच हळदकुंकू लावलं. डाग अजून निघालेला नाही.