बटण दाबलं की गाणं तयार?

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचा सारांश असा: संगणकाने संगीत रचणं ही गेल्या दोन-तीन वर्षांतली करामत आहे, त्यात माणसाचा काडीचाही हात नसतो, आणि आकडेमोडीतून निघणार ते ठोकळेबाजच.

पहिला मुद्दा तर एका तारखेतच निकालात निघतो. 1956-57 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लेनर्ड आयझॅकसन यांनी 'इलियाक' संगणकाकडून दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो या तंतुवाद्यांसाठी 'इलियाक स्वीट' (suite) ही रचना करून घेतली.

माणसाचा हात नाही, या दाव्यासाठीही हेच उदाहरण बघा. यंत्र एक यादृच्छिक, म्हणजे कुठलाही, आकडा काढायचं, तो आकडा म्हणजे एक स्वर. नियमात बसला तर ठेवायचा, नाहीतर टाकून पुढचा आकडा. पण नियम कुठले? दोन आवाज पंचमाचं अंतर राखून समांतर सरकू द्यायचे नाहीत, असे. शतकानुशतकं विद्यार्थ्यांना शिकवलेले. ते निवडले या दोघांनी. शिवाय यंत्रातून बाहेर पडायची ती अक्षरं आणि आकडे. वाजवण्याजोगी स्वरलिपी माणसानेच उतरवली.

आजच्या एआय मॉडेलांना असे नियम कुणी लिहून देत नाही, हे मान्य. ती ढीगभर संगीतावरून शिकतात. पण ते संगीत कुणाचं? हात दिसेनासा झालाय, गेलेला नाही. (मोबदल्याचे वाद त्यावरूनच तर चाललेत.)

ठोकळेबाजपणाचा आरोप मात्र अर्धा खरा आहे. 18व्या शतकाच्या अखेरीस युरोपातला संगीतकार मोझार्ट याच्या नावावर खपलेला एक फाशांचा खेळ होता. 16 बारांचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा तुकडा) मिन्युएट, म्हणजे एक नृत्यसंगीत; दर बारासाठी दोन फासे टाकायचे, बेरजेप्रमाणे 11 पर्यायांतला एक उचलायचा. कागदावर 11चा 16वा घात, म्हणजे जवळपास 46 हजार लाख कोटी रचना! ऐकायला मात्र सगळ्या सख्ख्या बहिणी. आठव्या बारात, जिथे सुरांचं वाक्य विसावतं, तिथे तर अकराही पर्याय एकच आहेत. तिथे रचनाकाराने नशिबाला फिरकूच दिलेलं नाही.

उलट संगीतकार यानिस झेनाकिस यांनी 1962 मध्ये आयबीएम 7090 या संगणकावर संभाव्यतेच्या गणितातून दहा वादकांसाठी रचलेलं 'एसटी/10' ऐका. तुटक, खरखरीत, अंगावर येणारं. आवडेलच असं नाही. मला पहिल्यांदा नाहीच आवडलं. पण त्याला ठोकळेबाज म्हणायचं तर आधी तो ठोकळा आणखी कुठे ऐकला ते सांगावं लागेल.