‘अनाया’चा अर्थ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

‘अनाया म्हणजे अनीती असं लिहून पालकांना उगाच घाबरवलंत, हे तर विष्णुसहस्रनामातलं नाव आहे,’ हा तुमचा आक्षेप. त्यातला निम्मा मान्य.

सहस्रनामात ‘मार्गो नेयो नयोऽनयः’ असं आहे. नेय, नय, अनय हे तिन्ही शब्द ‘नी’ म्हणजे नेणे या धातूचे. शांकरभाष्य सांगतं, ज्याला नेणारा कुणी नाही तो अनय. एरवी संस्कृतात अनय म्हणजे अनीती किंवा दुर्दैव, हे खरंच. पण सहस्रनामातला अर्थ लेखात यायला हवा होता. तो राहिला, ही चूक माझी.

मात्र हे झालं ‘अनय’चं. त्याचं स्त्रीलिंगी रूप ‘अनया’, ‘अनाया’ नव्हे. आणि ‘अनया’ तुम्ही दर गणपतीत ऐकता : ‘अनया पूजया... प्रीयताम्’. तिथे ते नाव नाही, ‘इदम्’ या सर्वनामाची स्त्रीलिंगी तृतीया आहे. ‘या पूजेने’ एवढाच अर्थ. शिवाय आपल्याकडे अनया हा राधेचा नवरा! बारशाला एखादी आजी गालात हसली, तर कारण हे.

आता काना दिलेली ‘अनाया’. अन् + आय असं फोडलं तर ‘जिला मिळकत नाही ती’. हे अर्थातच कुठल्या यादीत सापडणार नाही. अ + नाय असंही फोडता येतं, ‘नी’पासून ‘नाय’ म्हणजे नेणारा, हा शब्द पाणिनीच्या सूत्राने (3.1.142) सिद्ध होतो. व्याकरण अडवत नाही. अर्थ होतो ‘जिला नेणारा कुणी नाही ती’. फक्त साचा ‘अनाथ’चाच आहे, एवढं लक्षात असू द्या. विष्णूला ‘तुझ्यावर कुणी नाही’ म्हणणं ही स्तुती. तान्ह्या मुलीला म्हणताना कान जरा टवकारतात.

उच्चाराने सगळ्यात जवळचा शब्द अरबीतला : इनाया, म्हणजे काळजी, आस्था. उर्दूतली ‘इनायत’ तीच. अर्थ याहून गोड मिळणार नाही. पण मग नाव ‘इ’वरून ठेवा. अवकहडा चक्र, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावाचं आद्याक्षर सांगणारं कोष्टक, पाहणाऱ्यांना फरक पडतो : ‘अ’ कृत्तिकेचा पहिला चरण, रास मेष, ‘ई’ दुसरा चरण, रास वृषभ.

मुंबईत खरी गफलत होते ती जन्मदाखल्यात. इंग्रजीत ‘ए-एन-ए-वाय-ए’ लिहिलं की अनय, अनया, अनाया तिन्ही एकच. दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत असतो, म्हणून अर्जावर देवनागरी नाव स्वतः, काना स्पष्ट काढून लिहा. घाईची गरज नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवाय होते. नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एकदा चढलेलं नाव बदलणं मात्र जिकिरीचं. छापण्याआधी मसुदा दाखवला, तर ‘ना’चा काना आधी बघा.