चार निवेदक, आवाज मात्र एकच

कॅरन मॅकमॅनस यांच्या 'वन ऑफ अस इज लाइंग' (२०१७) या किशोर रहस्यकादंबरीला एका लेखात 'हातातून न सुटणारी' म्हटलंय. माझं मत जरा कोमट आहे.

सुरुवात खणखणीत, यात वाद नाही. शिक्षा म्हणून वर्गात थांबवलेली पाच मुलं, प्रत्येकाच्या दप्तरात सापडलेला भलताच फोन आणि कपातलं पाणी पिऊन कोसळलेला सायमन. त्याला शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी. एपिपेन, म्हणजे ॲलर्जीच्या झटक्यात लगेच टोचायचं इंजेक्शन, दप्तरात नाही, शाळेच्या नर्सकडेही नाही. बंद खोली आणि चार संशयित पहिल्याच प्रकरणात पक्के होतात. पुढे गाडी अडते.

ब्रॉनविन, ॲडी, नेट, कूपर आळीपाळीने प्रथमपुरुषी बोलतात. पण प्रकरणावरचं नाव झाकून अर्धं पान वाचा, बऱ्याचदा कोण बोलतंय ते कळत नाही. वाक्यांची लांबी, शब्द, चिडण्याची तऱ्हा, सगळं सारखंच. ॲडीचा बदल तेवढा हळूहळू आणि खरा वाटतो, पुस्तकात सर्वात चांगली तीच उतरलीय.

आणि सायमनच्या कपातलं ते शेंगदाणा तेल! तेल पाण्यात विरघळत नाही, वर तवंग धरतं. शिवाय ॲलर्जी होते ती दाण्यातल्या प्रथिनांची. घाण्याच्या तेलात ती राहतात, पूर्ण रिफाइंड तेलात जवळजवळ उरतच नाहीत. तेल कुठलं, किती, यावर एक परिच्छेद हवाच होता, कारण सगळा कट त्याच कपावर उभा आहे.

चौदा-पंधराच्या मुलांना जरूर द्या. मुरलेल्या रहस्यवाचकाला शेवट बराच आधी दिसेल.